हंडा डोक्यावर घेण्याआधी : पाण्यासाठीची पायपीट शहरापुढे कशी मांडावी

मार्च उजाडला की शहरात जलदिनाची तयारी सुरू होते. २२ तारखेला शाळेच्या आवारात रांगोळी, फलक, घोषणा आणि बऱ्याचदा डोक्यावर हंडा घेऊन काढलेली फेरी. आमची पहिली फेरी अशीच होती. ठाण्यात काढली, हंडे प्लॅस्टिकचे होते आणि रिकामे होते. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या दोघीजणी आमच्या आग्रहाखातर आल्या होत्या. त्यांतल्या एकीने हंडा उचलून पाहिला, परत खाली ठेवला आणि फेरी संपेपर्यंत ती काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं आम्हाला फार लागलं.

पुढच्या वर्षापासून आम्ही कामाचा क्रमच उलटा केला. आधी पाडा, मग मोजमापाची वही, मग ग्रामसभा, आणि फेरी सगळ्यात शेवटी. तो क्रम इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं ठाणे, पालघर आणि नाशिकच्या डोंगरपट्ट्यातली आहेत, कारण तिथेच मी काम केलं आहे. माण-खटाव किंवा मेळघाटात कारणं थोडी वेगळी असतील, पण रीत हीच चालेल.

प्रश्न नेमका काय आहे, ते आधी समजून घ्या

‘दुष्काळामुळे पाणी नाही’ हे वाक्य या पट्ट्यात लागू पडत नाही. शहापूर, मोखाडा, जव्हार, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इथे पावसाळा धो धो असतो. बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. पण खाली काळा कातळ आहे, वर तीव्र उतार आहे आणि माती पातळ आहे. पाणी मुरायला जागाच नसल्यामुळे चार महिन्यांत पडलेलं पाणी चार महिन्यांतच वाहून जातं. दिवाळीनंतर ओढे आटतात, होळीच्या सुमारास विहिरी तळ गाठतात, आणि मग बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरून वाटीने पाणी भरतात.

आता याच डोंगरांकडे मुंबईच्या बाजूने बघा. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं : ऊर्ध्व वैतरणा, मोडकसागर, मध्य वैतरणा, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. यांतले शेवटचे दोन शहराच्या हद्दीतले, बाकीचे पाच याच डोंगरपट्ट्यातले. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे. भातसा एकटा शहराची जवळजवळ निम्मी गरज भागवतो, आणि तो शहापूर तालुक्यात आहे. रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी मोठमोठ्या जलवाहिन्यांतून खाली जातं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

शहरातल्या माणसाला अपराधी वाटावं म्हणून हे सांगायचं नाही. त्याच्या नळाचं दुसरं टोक कुठे आहे, ते त्याला कळावं म्हणून सांगायचं. माझा अनुभव असा की, एवढी एक गोष्ट नकाशावर दाखवली तर पुढची निम्मी भाषणं लागतच नाहीत.

सोबत तीन आकडे पाठ ठेवा. टंचाईत टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला २० लिटर धरतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी ५५ लिटर नळाने देण्याचं आहे. शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष १३५ लिटरचा. चौथा आकडा वेळेचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजणीत जाणं, रांगेत थांबणं आणि परत येणं मिळून ३० मिनिटांच्या आत झालं, तरच ती ‘मूलभूत’ सोय समजली जाते, आणि तीही स्रोत सुरक्षित असेल तर. पाड्यावर घड्याळ लावून बसलात की हा आकडा वारंवार आठवेल.

पाड्यावर केव्हा आणि कसं जावं

एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेअखेर हा काळ धरा. फेब्रुवारीत गेलात तर विहिरीत पाणी दिसेल आणि तुमच्या वहीला पुढे कोणी किंमत देणार नाही. ओळख आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा शाळेतल्या गुरुजींमार्फत काढा. पहिल्या भेटीत वही, कॅमेरा काहीही बाहेर काढू नका. कशासाठी आलो, त्यातून काय होऊ शकतं आणि काय होणार नाही, हे स्पष्ट सांगा. ‘पाणी आणून देऊ’ असं चुकूनही बोलू नका. त्या बायकांनी हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकलेलं असतं.

पाड्यावर मुक्काम करा, याला पर्याय नाही. विहिरीला रात्रभरात पाझरून जे पाणी साठतं त्यासाठी पहाटे तीन-चारला नंबर लागतो. सकाळी दहाला जीपने पोचणाऱ्याला फक्त रिकामी विहीर दिसते. जाताना स्वतःपुरतं पिण्याचं पाणी न्या आणि उरलेलं तिथेच देऊन या. माणसं कमी न्या, तिघेजण पुरे. वीस जणांचा गट एका दिवसात पाड्यावरच्या एका घराचा पाणीसाठा संपवतो, तोही पाहुणचार म्हणून.

पाहुणचाराबद्दल एक गोष्ट जपून सांगतो. कुठल्याही घरात गेलात की आधी पाण्याचा तांब्या पुढे येईल. ‘यांचं पाणी कसं प्यावं’ म्हणून चांगल्या भावनेने नाही म्हणणारे पुष्कळ असतात. नाही म्हणू नका. पाड्यांवरच्या आदिवासी समाजांच्या हातचं पाणी पिढ्यान् पिढ्या नाकारलं गेलं आहे, आणि तुमचा नकार त्यांना तसाच ऐकू येतो. दोन घोट घ्या. पोटाची काळजी असेल तर उकळलेलं आहे का विचारा, चहा मागा. पण तांब्या परत पाठवू नका.

विहिरीवर जाताना बायकांच्या मागे चाला, पुढे नाही. त्यांचा नंबर अडवू नका. भरलेला हंडा ‘बघू किती जड आहे’ म्हणून उचलून सांडलात, तर तो कुणाचा तरी पाऊण तास असतो.

वही : या कामाचा कणा

बातमीत ‘मैलोन् मैल पायपीट’ असं छापून येतं. त्याने हळहळ वाटते, पण त्या शब्दांवर कोणताही अधिकारी सही करत नाही. सही होते ती मोजमापावर. म्हणून प्रत्येक खेपेची नोंद अशी घ्या :

• निघाल्याची वेळ, स्रोतावर पोचल्याची वेळ, भरायला सुरुवात केल्याची वेळ, घरी पोचल्याची वेळ
• अंतर (फोनवरच्या नकाशात वाट नोंदवून) आणि चढ-उतार
• भांडी किती, प्रत्येकात पाणी किती (हंडा एकदा मापाने भरून बघा; डोळ्यांचा अंदाज फार चुकतो)
• पाणी कोण आणतं, तिचं वय काय, शाळेतली मुलगी असेल तर त्या दिवशी शाळा झाली का
• दिवसाच्या खेपा आणि घरातली माणसं, जनावरं

किमान दहा घरं आणि सलग तीन दिवस मोजा. मग बेरीज करा. सहा माणसांचं घर धरू. टँकरच्या हिशेबाने १२० लिटर लागतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर १५ लिटरचा हंडा, त्यावर ९ लिटरची कळशी असं एका खेपेत २४ लिटर येतं. म्हणजे पाच खेपा. विहीर एक किलोमीटरवर असेल तर दहा किलोमीटर चालणं, त्यातलं पाच किलोमीटर २४ किलो पाणी आणि वर भांड्यांचं वजन घेऊन. ५५ लिटरच्या हिशेबाने तेच घर चौदा खेपांवर जातं, अठ्ठावीस किलोमीटर. एवढं कोणी चालू शकत नाही, म्हणून माणसं कमी पाण्यात भागवतात. अंघोळ दिवसाआड होते, हात धुणं राहतं, लेकरांना जुलाब लागतात. पायपीट आणि आजारपण यांचा सांधा इथे आहे, आणि तो तुमच्या वहीत दिसला पाहिजे.

आता पाण्याच्या गुणाबद्दल. लांबून आणलेलं पाणी स्वच्छ असतंच असं नाही. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर त्यात मैलापाण्याचा संसर्ग असण्याची दाट शक्यता असते. ती काळी बाटली सभेत टेबलावर ठेवली की पुष्कळ बोलणं वाचतं. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक (पाण्याच्या शुद्धतेचं काम बघणारा) कोण आहे, विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर केव्हा टाकली, आरोग्य विभागाच्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला लाल (धोक्याचं), पिवळं की हिरवं (सुरक्षित) कार्ड मिळालं, हे विचारून नोंदवा.

आणखी एक प्रश्न चारचौघांत विचारू नका, एकट्याने भेटाल तेव्हा विचारा : या विहिरीवर सगळ्यांना भरता येतं का, की कुणाला थांबावं लागतं? कधी कधी जवळची विहीर सोडून लांब जाण्याचं कारण पाणी नसतंच, जात असते. हे उत्तर मिळालं तर ते कुणाच्या तोंडचं आहे हे कुठेही लिहू नका. सांगणारीला त्याच विहिरीवर जायचं असतं.

फोटो आणि गोष्ट

शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळची बातमी २०१५ च्या सुमारास जगभर गेली. पाणी आणायला दुसरी, तिसरी बायको करतात, अशी ती बातमी होती. वाचणाऱ्यांच्या लक्षात लग्नं राहिली. गाव भातसा धरणाच्या तालुक्यातलं आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या मनात उरली. चमत्कारिक तपशील पुढे आला की माणसं गावाकडे प्रदर्शन म्हणून बघू लागतात आणि कारण मागे पडतं. गोष्ट निवडताना स्वतःला विचारा, हे वाचून लोक पाण्याबद्दल बोलतील की या बाईबद्दल?

फोटोची ताकद मात्र खरी असते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका नदीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जात. ते फोटो पसरले आणि २०२२ च्या सुरुवातीला तिथे लोखंडी पूल आला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पूर आला आणि तो पूल वाहून गेला. फोटोने पूल आणला, पण पूल टिकेल का हे विचारणारं तोवर कोणी उरलं नव्हतं. ते काम फोटो काढणाऱ्यांनी आपलं मानलं पाहिजे.

परवानगी तोंडी नको, समजावून घ्या. फोटो कुठे दिसणार हे फोनवर प्रत्यक्ष दाखवा. मुलींचे चेहरे टाळा. विहिरीत उतरलेल्या बाईला ‘पुन्हा एकदा उतरता का’ असं कधीही सांगू नका. हात, चुंबळ, वाटेवरचे दगड, विहिरीच्या काठावर दोरीने पडलेल्या खाचा यांचे फोटो चेहऱ्याइतकंच बोलतात.

कागद : ऑक्टोबर चुकवू नका

बहुतेक संस्था इथेच घसरतात. सगळा उत्साह मार्चमध्ये असतो, पण टंचाई आराखडा, म्हणजे कुठल्या गावाला टंचाईत काय उपाय द्यायचा याची सरकारी यादी, तीन टप्प्यांत बनतो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. मे महिन्यात भरलेली वही पुढच्या ऑक्टोबरच्या आत ग्रामपंचायतीत पोचली, तर पाड्याचं नाव आराखड्यात येण्याची शक्यता असते. मार्चमध्ये मोर्चा नेलात तर फार तर टँकर मिळतो.

म्हणून १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यायला लावा. ठराव पाड्यावरच्या बायकांनी मांडायचा, तुम्ही मागे बसायचं. ठरावात पाड्याचं नाव, घरं, माणसं, अंतर, वेळ हे आकडे यायला हवेत. मागणीही नेमकी हवी. टँकर हा एकच उपाय नाही. विहीर खोल करणं, गाळ काढणं, खासगी विहीर अधिग्रहित करणं, विंधन विहिरीची दुरुस्ती, नदीपात्रात बुडकी (छोटी उथळ विहीर) घेणं, तात्पुरती पूरक नळ योजना, हे सगळे टंचाईतले नेहमीचे उपाय आहेत. कातळात कुठे पाणी लागेल, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला विचारायचं. हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या भरवशावर विंधन विहिरीचा खर्च करू नका. ठरावाची प्रत गटविकास अधिकारी आणि तहसीलदार दोघांकडे द्या, पोच घ्या आणि संयुक्त पाहणीच्या दिवशी पाड्यावर हजर राहा.

पाडा महसुली गावापासून दूर असेल तर त्याचं दुखणं गावाच्या सरासरीत बुडून जातं. हे सगळे तालुके अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांमुळे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. पाड्याने ती मिळवली असेल तर ठराव तिथूनच येऊ द्या.

नळ आधीच बसले असतील तर तेही नोंदवा. दारात तोटी आहे आणि तिला पाणी नाही, असं चित्र सर्रास दिसतं, कारण पाइप टाकले गेले पण स्रोत फेब्रुवारीतच आटतो. जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावर गावनिहाय नळजोडणी दिसते. तो आकडा आणि तुमची वही शेजारी शेजारी ठेवा. माहिती अडत असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. टँकरचं लॉगबुक, जीपीएसची नोंद, गावात सगळ्या घरांना नळाचं पाणी मिळतं असं सांगणारा ‘हर घर जल’चा ग्रामसभा ठराव मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

आता फेरी

जागतिक जलदिन २२ मार्चला असतो, पण आम्ही आमची फेरी २० तारखेला काढतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि तिथलं पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्येच केलेला होता. चार वर्षं हक्क कागदावरच पडून होता. पाण्यासाठी चालण्याचा याहून मोठा दिवस महाराष्ट्राला बाहेरून आणावा लागणार नाही. आणि फेरीच्या रूपासाठीही बाहेर बघायला नको. समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांना मुंबईने ‘पाणीवाली बाई’ म्हटलं ते नळाच्या लढ्यांमुळे. रिकामे हंडे घेऊन काढलेला हंडा मोर्चा ही आपली जुनी भाषा आहे.

तयारी दीड महिना आधी सुरू करा. मार्गासाठी पोलीस ठाण्याची आणि वाहतूक शाखेची परवानगी लागते, ध्वनिक्षेपक असेल तर त्याची वेगळी. सकाळी सातला सुरुवात, साडेनऊच्या आत शेवट. मार्चअखेरचं ऊन हलकं समजू नका. अंतर दोन किलोमीटर पुरे.

वजनाबाबत कडक राहा. सवय नसलेल्या मानेवर भरलेला हंडा ठेवणं धोक्याचं आहे. मोठ्यांनी हातात पाच लिटरचा कॅन घ्यावा, शाळकरी मुलांनी एक-दोन लिटरची बाटली. तो कॅन दोन किलोमीटर नेताना हात बदलावे लागतात, तेवढंच पुरेसं आहे. पाणी बोअरवेलचं घ्या आणि शेवटी झाडांना किंवा सोसायटीच्या वापराच्या टाकीत ओता. गटारात ओतलेलं पाणी बघून पाड्यावरून आलेल्या बाईला काय वाटेल, याचा विचार करा.

आमच्या फेरीतला सगळ्यात परिणामकारक भाग चालण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. अर्ध्या वाटेवर आम्ही पसरट घमेल्यात थोडंसंच पाणी ठेवतो आणि पिंपाची तोटी थेंबथेंब सोडतो. तो आमचा झिरा. प्रत्येकाने तिथे थांबून आपला कॅन वाटीने भरायचा. दीडशे मिलिलिटरची वाटी धरली तर पाच लिटरला तेहेतीस-चौतीस वाट्या होतात, हंड्याला शंभर. वाटी खाली टेकली की गढूळ येतं, म्हणून वरवरचं घ्यावं लागतं. दहा-पंधरा माणसं झाली की रांगेत कुजबूज सुरू होते, घड्याळं बघितली जातात, कुणीतरी पुढे घुसतं. तिथे फलक लावा : तुमच्या वहीतली रांगेची सर्वांत मोठी वेळ, तारखेसह. बाकीच्या वाटेवरही दर शंभर पावलांवर वहीतलाच एखादा आकडा. सुविचार नकोत.

बोलायला पाड्यावरच्या बायकांना बोलवा आणि पहिलं त्यांना बोलू द्या. येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या, ती मानाने द्या. त्या दिवशी त्यांच्या घरचं पाणी कोण भरणार, हे आधी विचारा. आम्हाला हा प्रश्न सुचायला दोन वर्षं लागली. तोवर त्या आदल्या रात्री दुप्पट खेपा करून येत होत्या.

शेवटी लोकांच्या हातात एकच काम द्या. सह्यांचं निवेदन असेल तर त्यात तुमच्या पाड्याचा ठराव क्रमांक आणि तारीख असू द्या, म्हणजे ते ज्या टेबलावर जाईल तिथली फाइल उघडेल. पैसे गोळा करणार असाल तर टँकरला देऊ नका. गाळ काढणं, विहिरीचा कठडा, साठवण टाकी अशा, पाड्याने स्वतः निवडलेल्या कामाला द्या आणि हिशेब ग्रामसभेत वाचा.

फेरीनंतर

वहीची एक प्रत पाड्यावर ठेवा, ज्या बायकांनी मोजू दिलं त्यांच्या ताब्यात. वाचता येणारी एखादी मुलगी पाड्यावर असतेच. पुढची मोजणी तिलाच शिकवा आणि कामाचा मोबदला द्या. आराखड्यात नाव आलं का, हे जानेवारीत तहसील कार्यालयात जाऊन बघा. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाल्याची तारीख, दिवसाच्या फेऱ्या, न आलेले दिवस तिला लिहायला सांगा. आमच्या पाड्यावरची मुलगी टँकर आला की भिंतीवर कोळशाने रेघ मारते आणि महिनाअखेर मोजून फोन करते. गेल्या उन्हाळ्यात कागदावरच्या फेऱ्या आणि भिंतीवरच्या रेघा जुळल्या नाहीत. या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या भिंतीचा फोटो ठरावाला जोडला आहे.